बोटाचा आवाज

परवा गोंदियाला बेस गिटारच्या तारा आणायला गेलो होतो. दुकानदाराने तारांच्या पाकिटावर एक प्लेक्ट्रम ठेवली, म्हणजे तारा छेडायची ती प्लास्टिकची तिकोनी चकती, आणि म्हणाला, "ये हमारी तरफ से, सर." ताटात पाल पडावी तसा मी हात मागे घेतला. "नहीं नहीं, मैं उँगली से बजाता हूँ!" हे मी इतक्या जोरात सांगितलं की शेजारी बासरी निवडणारे एक सद्गृहस्थ दचकले. मग मी त्यांच्या बासरीकडेही एक तुच्छ कटाक्ष टाकला आणि मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटला परतणाऱ्या गाडीत येऊन बसलो. घरी आल्यावर त्या कोऱ्या करकरीत तारा पातेल्यात घालून गॅसवर उकळायला ठेवल्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिने आता विचारणं सोडून दिलं आहे.

मी पन्नाशी ओलांडलेला वकील आहे. कोर्टात समोरच्याला पुराव्याशिवाय वाक्य पुरं करू देत नाही. पण बेसच्या बाबतीत माझ्याकडे डझनभर ठाम मतं आहेत आणि एकाचाही पुरावा नाही. सगळी मतं मी बन्सोड दादांकडून घेतली, तीही न तपासता.

दादा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी बिसेनच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत बेस वाजवायचे. लग्नं, दुर्गोत्सव, कुणाचा निवृत्ती समारंभ, जिथे स्टेज तिथे बिसेनची पार्टी. उंच, सडपातळ, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाचं बटण लावलेलं. स्टेजवर ते ड्रमच्या डाव्या बाजूला अर्ध्या अंधारात उभे राहत आणि कार्यक्रमभर चेहऱ्यावरची एक रेषा हलू देत नसत. फोटोत ते सहसा गायिकेच्या पदराआड गेलेले असत. याचं त्यांना वाईट वाटत नसे. "पाया दिसत नसते," ते म्हणत. "पाया दिसाले लागला का समजाचं, घर पडून राह्यलं."

मी त्यांचा राखीव. क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू पाणी घेऊन मैदानात धावतो, तसा मी त्यांची वायर घेऊन स्टेजवर धावे. दोन ठिकाणी कार्यक्रम असले, की कमी महत्त्वाच्या ठिकाणी मला पाठवत.

शिकवा म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मला वाटलं, बोटं बघतील. त्यांनी बोटांकडे पाहिलंच नाही. भिंतीवरच्या खिळ्याला एक पारदर्शक कोनमापक लटकत होता, ऑफिसच्या कामाचा. तो काढून त्यांनी माझ्या गळ्यातल्या गिटारच्या दांडीला लावला.

"किती आहे?" मी घाबरत विचारलं.

"पंधरा. तीस पाह्यजे."

"तीसच काहून, दादा?"

"काहून म्हंजे? तीस."

पट्टा खाली-वर करून तीस अंश येईपर्यंत त्या दिवशी एकही सूर वाजला नाही. पुढे मोबाइल आले, तेव्हा दादांची मोठीच सोय झाली. कुणी कुठल्याही मोठ्या बँडचा फोटो दाखवला, की ते खिशातून कोनमापक काढून स्क्रीनवर ठेवत. बावीस अंश निघाले की फोन परत करत. त्या वादकाने आयुष्यात काय काय वाजवलं याच्याशी त्यांना कर्तव्य नसे.

गिटार छातीवर टाय लावल्यासारखी घालणारा माणूस त्यांच्या मते भित्रा. पांढऱ्या रंगाची बेस दवाखान्यातली. पाच तारांची बेस घेणाऱ्याला ते सरळ विचारत, "चारी वाजवून झाल्या काय तुह्या?" दांडीवरच्या बाराव्या पडद्याच्या वर बोट न्यायचं नाही, ती वस्ती लीड गिटारवाल्यांची. बासरीवर त्यांचा राग होता. तो कशाबद्दल, हे त्यांनाही माहीत नव्हतं. एकदा मी खोदून विचारलं तर बराच विचार करून म्हणाले, "वाजवनारा डोळे मिटते. काहून मिटते?" आता बेस वाजवताना ते स्वतः डोळे मिटत, हे त्यांना सांगण्याची छाती कुणाची?

नव्या तारांचं तर विचारूच नका. नवी तार चमकते, खणखणते, हा तिचा माज. तो उतरवायला दादा कोऱ्या तारा भाताच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळत. मग पुसून, उन्हात वाळवून लावत आणि त्या तुटेपर्यंत बदलत नसत. त्यांच्या मते तार लोणच्यासारखी मुरावी लागते. वहिनी गंजात भात नसून तारा आहेत हे बघून पहिल्या वर्षी भांडल्या, नंतर त्यांनी एक गंज वेगळाच काढून ठेवला. कुणी जेवायच्या वेळी आलं तर म्हणत, "थांबा भाऊ, तुमचे दादा तारेची भाजी करून राह्यले." पुढे कुणीतरी मला सांगितलं, की तारा उकळतात त्या जुन्या, मळलेल्या, आणि उकळल्यावर त्या उलट जास्त चमकदार वाजतात. मी ते दादांच्या कानावर घातलं नाही. स्वतःच्या कानातूनही काढून टाकलं.

पण या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे प्लेक्ट्रम. दादा तिला 'टिकली' म्हणत. "बोटानं वाजवलेली तार बोलते," ते सांगत. "टिकलीनं वाजवलेली तार टाइप करते." टिकली लावणारा माणूस घरी आला तर त्याला चहा मिळे, पण संगीतावरचं बोलणं बंद होऊन पाऊस-पाण्यावर येई. मी हा नियम दादांच्याही पुढे नेला. आमच्या कोर्टातला एक जण प्लेक्ट्रमने बेस वाजवतो असं कळल्यावर मी त्याच्याशी पाऊस-पाण्यावरही बोललो नाही.

पार्टीत कीबोर्डवर पटले नावाचा तरुण होता. मनाने निर्मळ, हाताने तयार. उजव्या हाताने गाणं वाजवायचा आणि जमलंच तर डाव्या हाताने बेस. दादांना हे खपत नसे. "बेस म्हंजे काय याच्या डाव्या हातचा मळ आहे?" पटले हसायचा. एकदा सरावाच्या वेळी त्याने प्रस्ताव मांडला, की दादांनी भिंतीकडे तोंड करून बसावं, आणि बोट कोणतं नि टिकली कोणती ते नुसतं ऐकून ओळखावं. दादा म्हणाले, "परीक्षा त्याची घे ज्याले नापास होता येते. वकील, तू बस." मी मोठ्या आत्मविश्वासाने बसलो आणि जवळजवळ सगळी उत्तरं चुकलो. शेवटी मी अँप्लिफायरवर ठपका ठेवला. दादांनी तो तत्काळ मान्य केला, आणि बिचारा अँप्लिफायर दुरुस्तीला गेला.

वारासिवनीचं लग्न मी कधी विसरणार नाही. राइस मिलच्या अंगणात मांडव होता. वरपक्षाने आमची पार्टी आणलेली, वधूपक्षाने नागपूरची. त्यांचा बेसवाला स्टेजवर आला तेव्हा मी चटकन दादांकडे पाहिलं. गिटार पांढरी. तारा पाच. पट्टा छातीपर्यंत. आणि हातात टिकली. दादांनी खिशातला कोनमापक काढलासुद्धा नाही, काही गोष्टी मोजण्यापलीकडच्या असतात.

तो वाजवत असताना दादा त्याच्याकडे पाठ करून जेवले. वाजवून झाल्यावर तो सज्जन माणूस मुद्दाम आमच्या पंगतीपाशी आला, वाकून म्हणाला, "दादा, आपका बेस बहुत मीठा है. मैं तो बस सुनता रह गया." दादा म्हणाले, "मेहरबानी." आणि आपलं ताट हातभर बाजूला सरकवलं.

परत येताना गाडीत ते खिडकीला डोकं टेकून काहीतरी गुणगुणत होते. वारासिवनी सुटल्यापासून बालाघाट येईपर्यंत तीच ओळ. मला ती ओळखीची वाटत होती. वैनगंगेचा पूल आला तेव्हा आठवलं.

"दादा, हे तर त्या नागपूरवाल्यानं वाजवलं होतं."

दादा थांबले. मग म्हणाले, "ते माही ओळ आहे. त्यानं आधी वाजवली, येवढंच."

दादांच्या वॉर्डात, बुद्धविहाराजवळच्या चौकात, दर एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम होतो. दुपारी मिरवणूक, दिवस कलला की भीमगीतं. त्या चौकात दादांचे वडील खंजिरी वाजवत. वडील गेले त्याच्या पुढच्या जयंतीला दादा पहिल्यांदा बेस घेऊन उभे राहिले आणि तेव्हापासून एकदाही चुकले नाहीत. मुलीच्या बाळंतपणासाठी वहिनी रायपूरला असतानाही हे इथेच होते. मला म्हणाले होते, "बाकी कुठी नाही वाजवलं तरी चालते, वकील. पन त्या चौकात माहा बाप वाजवत होता. तिथं मी पाह्यजे."

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी त्यांची शुगर बिघडली आणि बोटं बधिर व्हायला लागली. आधी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कटंगीच्या एका कार्यक्रमात मात्र लपलं नाही. मी स्टेजखाली वायर धरून उभा होतो. सूर मधूनच गळत होते. एकदा तर त्यांचं बोट तारेवरून नुसतंच घसरलं आणि ते बोटाकडे बघत राहिले. दादा बोटाकडे बघून वाजवताना मी पहिल्यांदा पाहिले. उतरल्यावर म्हणाले, "गोधडीतून वाजवल्यासारखं होऊन राह्यलं रे. तार आहे का नाही तेच समजत नाही." डॉक्टरांनी औषधं दिली, पण बोटांतली जाण परत येईल असं काही सांगितलं नाही.

बिसेन वाईट माणूस नव्हता, पण त्याला पार्टी चालवायची होती. जयंतीला दोन महिने असताना सरावाच्या खोलीत तो हळूच म्हणाला, "दादा, इस बार जयंती में पटले बाएँ हाथ से सँभाल लेगा. आप सामने कुर्सी पे बैठना. मुख्य अतिथि के बाजू में."

मुख्य अतिथींच्या बाजूची खुर्ची! चारचौघांत सत्कार करून माणसाला घरी पाठवायची ही आपली जुनी रीत. दादा मांडीवरच्या गिटारकडे बघत होते.

बोलला तो पटले. त्याला ते डाव्या हाताचं काम नकोच होतं. गिटारवाल्याच्या पेटीतून त्याने एक प्लेक्ट्रम उचलली, दादांपुढे धरली आणि अगदी मनापासून म्हणाला, "दादा, एक बार इससे देख लो ना. उँगली की ज़रूरत ही नहीं."

दादा काही बोलण्याआधी मी उठलो. "पटले! किससे बात कर रहा है तू? दादा और टिकली?" ड्रमवालाही माझ्यामागे उठला. मी बोटाच्या आवाजावर एक भाषण दिलं. तार बोलते आणि तार टाइप करते, हे सगळं दादांचंच दादांना ऐकवलं. कोर्टात माझं भाषण कधी इतकं रंगलं नव्हतं. शेवटी तर मी असंही म्हणालो, की दादा एक वेळ बेस सोडतील, पण टिकलीला हात लावणार नाहीत.

दादांचा उजवा हात मांडीवरून जरासा उचलला गेला होता, तो परत मांडीवर आला. मला वाटलं, ते संताप आवरतायत.

"जयंतीपर्यंत थांब, बिसेन," ते म्हणाले. "मी सांगतो तुले." मग गिटार पेटीत घालून निघून गेले.

त्यानंतर ते सरावाला आले नाहीत. मी दोनदा घरी गेलो. वहिनी दारातच म्हणाल्या, "झोपले आहेत, भाऊ." भर दुपारी दादा झोपत नसत. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. खिळ्याला कोनमापक नव्हता, हे मला दिसलं, पण माझ्या डोक्यात त्यावरून काहीच आलं नाही. उलटतपासणीसाठी माझी ख्याती आहे, हे मुद्दाम सांगतो.

जयंतीच्या आदल्या दिवशी दादांनी बिसेनला निरोप पाठवला: मी वाजवतो.

मी चौकात लवकर जाऊन बसलो. शेजारी वहिनी पांढरी साडी नेसून बसल्या होत्या. निळे झेंडे, समोर पोरंबाळं, मुख्य अतिथी आणि त्यांच्या बाजूची ती खुर्ची. ती रिकामी होती. दादा स्टेजवर आले, ते नेहमीपेक्षा दोन पावलं मागे, ड्रमच्या आडोशाला, लोकांकडे जवळपास पाठ करून उभे राहिले. दांडी तीस अंशात. मी मनात म्हटलं, आज या चौकात सूर गळला तर हा माणूस पुन्हा गिटार हातात घेणार नाही.

पहिलं गाणं सुरू झालं आणि बेस आला. भरीव, नेमका, प्रत्येक ठोक्यावर. एकही सूर गळत नव्हता. दुसरं गाणं, तिसरं. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाया टाळ्या धरू लागल्या. पटलेने कीबोर्डवरचा डावा हात उचलून सगळ्यांना दिसेल असा मांडीवर ठेवला. माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरले की मला बोलावंसंच वाटतं.

"ऐकताय ना?" मी वहिनींना, त्यांच्या पलीकडे बसलेल्या एका मास्तरांना आणि मागच्या रांगेलाही सांगू लागलो. "हा बोटाचा आवाज! गोलाई बघा. मांसाचा स्पर्श आहे हा. टिकलीनं जन्मात येणार नाही असं." मास्तर मान डोलवत होते. मी आणखी खुललो. "आता हा सूर ऐका. हे नुसतं बोटच करू शकतं."

वहिनींनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग स्टेजवरची नजर न काढता, मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाल्या, "भाऊ, कोनमापक कापून देल्ला मी त्याहिले."

मला आधी कळलंच नाही.

"माह्या शिलाईच्या कैचीनं," त्या म्हणाल्या. "तीन तुकडे वाया गेले, चौथा जमला. दोन महिने दार लावून वाजवून राह्यले. लाजतात तुमाले. म्हनत होते, बिसेनले तोंड दाखवीन, पटलेले दाखवीन, वकिलाले कसं दाखवू?"

त्यानंतरची दोन गाणी मी नीट ऐकली नाहीत. डोळ्यांसमोर सारखा तो मांडीवरून उचललेला हात येत होता. म्हणजे त्या दिवशी दादा टिकली घ्यायला निघाले होते, आणि अडवायला मी उभा होतो, त्यांचीच वाक्यं घेऊन! दादा आपल्या मतांतून केव्हाच बाहेर पडले असते. मी दाराशी राखण करत होतो.

कार्यक्रम संपला तेव्हा पश्चिमेला अजून थोडा उजेड होता. लोकांनी दादांना गराडा घातला. कुणी पाया पडत होतं, कुणी पेढा भरवत होतं. ते सगळं डाव्या हाताने घेत होते, उजवी मूठ मिटलेली होती. मग ते माझ्यापाशी आले.

"कसं वाजलं, वकील?"

आयुष्यभर मी खरंखोटं करण्याचा धंदा केला. त्या क्षणी मला एकच उत्तर देता आलं. "दादा, बोटाची गोष्टच वेगळी."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं. वहिनी झेंड्याकडे बघत होत्या. वहिनींनी मला सांगितलंय, हे दादांच्या लक्षात आलं. त्यांनी हलकेच मूठ उघडली. तळहातावर कोनमापकाचा तिकोनी तुकडा होता, कडेला अंशांच्या बारीक रेघा अजून दिसत होत्या. घामाने तो हाताला चिकटला होता आणि भोवती त्याचा लाल ठसा उमटला होता.

"पटलेले सांगू नोको," ते म्हणाले.

"नाही सांगत, दादा."

हा शब्द मी पाळला आहे. पटले मराठी वाचत नाही, म्हणूनच हे लिहिण्याची हिंमत केली. दादा आता रायपूरला मुलीकडे असतात. तिथल्या विहारात वाजवतात. फोनवर तिथल्या दुसऱ्या बेसवाल्याच्या पाच तारांबद्दल तक्रार करतात, आणि मी इकडून "हौ दादा, हौ" म्हणतो.

पण मला ते दिसतात ते त्या संध्याकाळचे. खांद्यावर गिटारची पेटी, बाजूला वहिनी, आणि वडिलांच्या चौकातून घराकडे निघालेले. चार पावलं गेले आणि काहीतरी राहिल्यासारखे परत वळले. माझ्याजवळ आले, तो तुकडा ठेवला होता त्या खिशाला हात लावला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले,

"पन पांढरी नाही हं, वकील. पारदर्शक आहे."